पुलाची गोष्ट बाजूला ठेवून 'द ब्रिज' ऐकताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. टेनर सॅक्सोफोन शिकणाऱ्या एका वाचकाने सॉनी रॉलिन्सचा 1962 चा 'द ब्रिज' हा अल्बम ऐकला. ती प्रसिद्ध कहाणी त्याने आधीच वाचलेली होती: ऐन भरात असलेल्या रॉलिन्सने 1959 मध्ये कार्यक्रम बंद केले, दोन वर्षे न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर रियाज केला आणि परतल्यावर हा अल्बम केला. ऐकून झाल्यावर त्याला वाटले, छान आहे, पण एवढ्या तपश्चर्येनंतर इतकेच? त्या काळच्या बऱ्याच समीक्षकांनाही असेच वाटले होते, हे त्याला नंतर कळले. म्हणून तो विचारतो आहे: समीक्षक बरोबर होते का, आणि शिकणाऱ्याने या अल्बममधून काय घ्यावे?

मी गेली अनेक वर्षे टेनर वाजवतो आणि शिकवतो. माझे उत्तर आधीच सांगतो. समीक्षक निराश झाले कारण ते पुलाची गोष्ट ऐकत होते, रेकॉर्ड ऐकत नव्हते. आज या अल्बमला डोक्यावर घेणारे पुष्कळ लोकही नेमके तेच करतात. रेकॉर्डवर जे खरोखर वाजले आहे ते ऐकायला बसलात तर हा अल्बम 'नेहमीचा' राहत नाही. पण त्यासाठी कुठे ऐकायचे हे माहीत हवे.

थोडे मागे जाऊ. रॉलिन्सचा जन्म 1930 चा, न्यूयॉर्कच्या हार्लेममधला. 1956 ते 1958 या काळात त्याने जे केले त्याला तोड नाही. 22 जून 1956 ला 'सॅक्सोफोन कलोसस'. 1957 च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसला 'वे आउट वेस्ट', फक्त टेनर, बेस आणि ड्रम घेऊन, पियानो नाहीच. त्याच वर्षी नोव्हेंबरात व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधले लाइव्ह रेकॉर्डिंग, तेही बिनपियानोचे. 1958 मध्ये 'फ्रीडम सूट', ज्याची एक पूर्ण बाजू त्याच्या एका सलग रचनेने भरलेली आहे. जेमतेम अठ्ठाविसाव्या वर्षी हा माणूस टेनरवरचा सर्वात मोठा जिवंत आवाज मानला जात होता. टेनरवादक जॉन कोल्ट्रेनने त्याच्या नावाने 'लाइक सॉनी' ही चाल बांधली, यावरून बरोबरीचे लोक त्याला कसे मानत होते ते कळते.

याच काळात एक समीक्षा आली, आणि माझ्या मते 'द ब्रिज'ची गोष्ट पुलावर सुरू होत नाही, इथे सुरू होते. 'द जॅझ रिव्ह्यू' हे मासिक नोव्हेंबर 1958 मध्ये निघाले. पहिल्याच अंकात गंथर शुलर या संगीतकार-समीक्षकाने रॉलिन्सवर लांबलचक लेख लिहिला. विषय होता 'सॅक्सोफोन कलोसस'वरचा 'ब्ल्यू 7' हा ब्लूज. शुलरचे म्हणणे असे की बहुतेक जॅझ वादक हार्मनीच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीच्या, चौकटीवर एकामागून एक कल्पना ओततात. त्यांचा एकमेकींशी संबंध असेलच असे नाही. रॉलिन्स मात्र मूळ चालीतलाच एक तुकडा उचलतो, तो उलटसुलट करतो, ताणतो, तोडतो, पुन्हा आणतो, आणि अख्खा सोलो एका बीजातून वाढतो. आपल्याकडे ख्याल ऐकणाऱ्याला हे लगेच कळेल. मुखडा हाताशी ठेवून केलेली बढत आणि नुसत्या तानांचा पाऊस यांतला फरक आपल्या कानाला लहानपणापासून शिकवलेला असतो. अमेरिकेत मात्र जॅझच्या सोलोकडे इतक्या बारकाईने, नोटेशन देऊन बघणे तेव्हा नवीन होते. तो लेख आजही वाचण्याजोगा आहे.

पण रॉलिन्सवर त्याचा परिणाम उलटा झाला. तो हे सगळे ठरवून करत नव्हता. त्याच्या कानाला, हाताला, स्मरणाला जे सुचत होते ते तो वाजवत होता. आता वाजवताना त्याच्या मनात प्रश्न उभा राहू लागला की मी आत्ता मुखड्याला धरून आहे ना? तो अवघडला. पुढे आपल्याबद्दलचे लेख वाचायचेच नाहीत असे त्याने ठरवले, हे त्याने स्वतः मुलाखतींमध्ये सांगितले आहे. शिकणाऱ्या मुलांना मी हा प्रसंग आवर्जून सांगतो. टीकेने माणूस खचतो हे सर्वांना ठाऊक आहे. अचूक, अभ्यासपूर्ण कौतुकानेही हात बांधले जातात, हे वाजवणाऱ्यालाच कळते.

तर 1959 च्या उन्हाळ्यात तो थांबला. कारण त्याने अनेकदा सांगितले आहे: नाव फार मोठे झाले होते आणि आपले वाजवणे त्या नावाला पुरे पडत नाही असे त्याला वाटत होते. हे त्याचे पहिले थांबणेही नव्हे. 1950 च्या दशकाच्या मध्यावर हेरॉइनमधून बाहेर पडण्यासाठी तो केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात उपचार घेऊन आला होता आणि काही काळ शिकागोत राहिला होता. ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउन आणि ड्रमवादक मॅक्स रोच यांच्या पंचकातून तो नव्याने उभा राहिला. थांबून स्वतःला घडवायचे, ही त्याची सवय होती.

तो आणि पुढे त्याची पत्नी झालेली लुसिल मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागात ग्रँड स्ट्रीटवर राहत होते. घरात वाजवले तर शेजाऱ्यांना त्रास. शेजारी एक गरोदर बाई होती, तिचा विचार मनात आल्याचे त्याने सांगितले आहे. चालत्या अंतरावर विल्यम्सबर्ग पूल. 1903 मध्ये वाहतुकीला खुला झालेला हा लोखंडी झुलता पूल मॅनहॅटन आणि ब्रुकलिन यांना जोडतो. मधून ट्रेन जाते, गाड्या जातात, खाली ईस्ट रिव्हरवर बोटींचे भोंगे, आणि वर पादचाऱ्यांची वाट. तिथे उभे राहून तो वाजवू लागला. कधी कधी दिवसाचे पंधरा-सोळा तास, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यातही. सोप्रानो सॅक्सोफोन वाजवणारा स्टीव्ह लेसी अधूनमधून त्याच्याबरोबर असे.

इथे जरा थांबतो, कारण पुलावर वाजवल्याने नक्की काय होते हे सांगणारे लिखाण फार कमी आहे. खोलीत वाजवताना आवाज भिंतींवर आपटून परत येतो. तो परत आलेला आवाज आपल्याला भरीव वाटतो आणि आपण खूश होतो. मोकळ्यावर काहीच परत येत नाही. वारा आवाज घेऊन जातो. टेनर एकदम रोड, कोरडा वाटतो. पहिल्या काही मिनिटांत माणूस रीडवर, म्हणजे तोंडाशी कंप पावणाऱ्या पातळ पट्टीवर, दाताओठांनी जोर देऊन आवाज मोठा करायला बघतो, आणि अर्ध्या तासात ओठ संपतात. मग हळूहळू पोटातून दम लावायला शिकावे लागते. घसा मोकळा, जबडा सैल, फुंक सलग. खालचे स्वर, म्हणजे टेनरवरचे लो बी-फ्लॅट, बी, सी, हे मोकळ्यावर भरीव निघायला लागले की समजावे श्वास जागेवर आला. दुसरे म्हणजे, ट्रेनच्या खडखडाटात तुम्हाला कोणी ऐकत नाही. घाणेरडे, फाटके, चुकीचे आवाज काढून बघता येतात. शेजारची भिंत असली की माणूस नकळत चांगलेच वाजवायला लागतो, आणि चांगलेच वाजवत राहणाऱ्याचा रियाज होत नाही.

एवढे लक्षात घेतले तर दोन वर्षांच्या पुलावरच्या रियाजातून काय मिळणार याचा अंदाज येतो: आवाज, दमसास, लयीवरची पकड, आणि स्वतःच्या जुन्या तुकड्यांचा कंटाळा येऊन त्यांतून सुटका. संगीताची नवीन भाषा पुलावर एकट्याने उभे राहून सापडत नाही. ती बँडमध्ये, दुसऱ्या माणसांशी झगडून सापडते. समीक्षक ज्याची वाट बघत होते ते त्या पुलावरून येणारच नव्हते.

आणि ते वाट का बघत होते तेही पाहू. रॉलिन्स बाजूला असताना जॅझमध्ये उलथापालथ झाली. ऑगस्ट 1959 मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' आला. कोल्ट्रेनचा 'जायंट स्टेप्स' आला, जो आजही टेनर वाजवणाऱ्याची झोप उडवतो. नोव्हेंबर 1959 मध्ये सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबमध्ये वाजवू लागला आणि शहरातल्या संगीतकारांत उभी फूट पडली. ठरलेल्या कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांच्या) चौकटीशिवायही इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे जागच्या जागी सुचेल तसे वाजवणे, उभे राहू शकते, असे त्याचे वादन सांगत होते. 1961 मध्ये त्याचा 'फ्री जॅझ' आला: दोन चौकडी एकाच वेळी, जवळपास सदतीस मिनिटांची एकच सलग रचना. त्याच वर्षी कोल्ट्रेन आणि एरिक डॉल्फी यांचे वादन ऐकून 'डाउन बीट' मासिकात जॉन टायनन याने त्याला जॅझविरोधी संगीत म्हटले, आणि त्यावरून रण माजले.

हे चालू असतानाच पुलाची गोष्ट बाहेर फुटली. राल्फ बर्टन नावाच्या लेखकाला पुलावर वाजवणारा रॉलिन्स दिसला आणि त्याने 1961 मध्ये 'मेट्रोनोम' मासिकात त्यावर लिहिले. वादकाचे नाव आणि पूल दोन्ही त्याने बदलले होते, पण ओळखायचे त्यांनी ओळखलेच. नोव्हेंबर 1961 मध्ये रॉलिन्स न्यूयॉर्कच्या जॅझ गॅलरी क्लबमध्ये परत मंचावर आला. पाठोपाठ आरसीए व्हिक्टर या बड्या कंपनीशी करार झाला; त्याची रक्कम 90 हजार डॉलरच्या घरात असल्याचे सांगितले जाई, जी तेव्हाच्या जॅझ वादकासाठी प्रचंडच. अपेक्षा कुठे जाऊन पोचली असेल बघा. एका बाजूला कोलमन आणि कोल्ट्रेन, दुसऱ्या बाजूला त्यांना नाकारणारे, आणि दोन्ही बाजू वाट बघत आहेत की पुलावरून उतरलेला हा माणूस आता निकाल देणार.

त्याने निकाल दिला नाही. 30 जानेवारी, 13 आणि 14 फेब्रुवारी 1962 ला आरसीएच्या न्यूयॉर्कमधल्या स्टुडिओत तो उभा राहिला आणि सहा चाली वाजवल्या. त्यांतल्या चार जुनी लोकप्रिय गाणी. 'विदाउट अ साँग' 1929 चे. गीतकार-संगीतकार कोल पोर्टरचे 'यू डू समथिंग टू मी'सुद्धा 1929 चे. 'व्हेअर आर यू' आणि गायिका बिली हॉलिडेचे 'गॉड ब्लेस द चाइल्ड' या दोन संथ चाली. उरलेल्या दोन त्याच्या स्वतःच्या, 'जॉन एस.' आणि 'द ब्रिज'. बाहेर कॉर्डच्या चौकटी मोडून पडत असताना हा माणूस वीस-तीस वर्षांपूर्वीची गाणी घेऊन बसला. समीक्षकांच्या हिरमुसण्यामागे हे सगळे आहे. पूर्वीचाच रॉलिन्स, थोडा नीटनेटका झालेला, असा सूर उमटला. रेकॉर्ड मात्र चांगली खपली. त्याच्या सर्वाधिक विकल्या गेलेल्या अल्बमांत तिची गणना होते.

आता रेकॉर्डकडे येतो.

पहिली गोष्ट माणसांची निवड. बेसवर बॉब क्रॅनशॉ, जो पुढे कित्येक दशके रॉलिन्सबरोबर राहिला. ड्रमवर बेन रायली. फक्त 'गॉड ब्लेस द चाइल्ड'वर हॅरी सॉन्डर्स. आणि पियानोच्या जागी जिम हॉलची गिटार. ही निवड म्हणजेच या अल्बमची मोठी कल्पना आहे, आणि ती शांतपणे केलेली असल्यामुळे तेव्हा पुष्कळांच्या कानांवरून गेली. 1957 मध्ये रॉलिन्सने पियानो काढून टाकला होता, कारण पियानोवाला प्रत्येक मात्रेला हार्मनीची भिंत उभी करतो आणि टेनरला वळायला जागा राहत नाही. पण पियानोशिवाय सगळा भार एकट्या टेनरवर पडतो. हॉलने मधला रस्ता दिला. तो गिटारचा आवाज कमी ठेवतो, दोन-तीन स्वरांचे अपुरे कॉर्ड देतो, कित्येकदा काहीच वाजवत नाही. रॉलिन्स एखादे वाक्य अर्धवट सोडतो तेव्हा हॉल ते पुरे करायला धावत नाही. वाट बघतो, आणि मग एकच कॉर्ड असा ठेवतो की रॉलिन्सला दुसरा रस्ता सुचतो. साथ कशी करावी हे शिकायचे असेल तर या अल्बमवर टेनर विसरून एकदा फक्त गिटार ऐका. हॉल आधी जिमी जुफ्रीच्या त्रिकुटात वाजवत होता, ज्यात ड्रमच नव्हते. शांततेत वाजवायची सवय त्याला तिथेच लागलेली होती.

त्या निवडीला सामाजिक किंमतही होती. 'फ्रीडम सूट' करणाऱ्या, अमेरिकेतल्या काळ्या लोकांवर होणाऱ्या अन्यायावर त्या रेकॉर्डच्या पाकिटावर स्पष्ट लिहिणाऱ्या रॉलिन्सने गोरा गिटारवादक घेतला हे त्याच्याच काही लोकांना खटकले होते, असे त्याने पुढे सांगितले आहे. त्याने हॉलला त्याच्या वाजवण्यासाठी घेतले आणि विषय तिथेच ठेवला.

दुसरी गोष्ट, आवाज. 1956 चा 'सॅक्सोफोन कलोसस' आणि 'द ब्रिज' एकापाठोपाठ लावा, आणि सुरावट ऐकू नका, फक्त स्वर कसा सुरू होतो आणि कसा संपतो ते ऐका. आधीच्या रेकॉर्डवर आवाजाला कडक कडा आहे, स्वर तुटक सोडलेले आहेत. 'द ब्रिज'वर तोच माणूस स्वर शेवटपर्यंत धरतो. 'व्हेअर आर यू'मध्ये तो मूळ चालीपासून फार दूर जातच नाही. खालच्या सप्तकात स्वर मऊ करून हवेसकट सोडतो, ज्याला आम्ही सबटोन म्हणतो, आणि तोच स्वर हळूहळू भरत नेऊन उघड्या, गोल आवाजात आणतो. टेनर वाजवणाऱ्यालाच कळेल हे किती अवघड आहे. जोरात वाजवताना श्वास लपतो. इतक्या हळू, इतक्या संथ लयीत, एकेक लांब स्वर सुरात धरणे म्हणजे श्वासाची उघडी परीक्षा. पुलावरची दोन वर्षे मला या पाच मिनिटांत ऐकू येतात. 'गॉड ब्लेस द चाइल्ड'मध्ये हेच, आणि शिवाय हॉलबरोबरचा संवाद. बिली हॉलिडेचे हे गाणे वाजवताना बहुतेक सॅक्सोफोनवादक दुःख दाखवायला जातात. रॉलिन्स चाल जशी आहे तशी मांडतो, शब्दांच्या वजनाप्रमाणे.

तिसरी गोष्ट लय. 'जॉन एस.' आणि 'द ब्रिज' या दोन चाली ऐकून कोणी 'नेहमीचे' म्हणत असेल तर त्याने पुन्हा ऐकावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. शीर्षकाची चाल भन्नाट द्रुत आहे, टेनर आणि गिटार मिळून मुखडा वाजवतात, आणि तालाचा चाललेला ओघ मध्येच अडवून पुन्हा मोकळा सोडतात. एवढ्या वेगात रॉलिन्स घाईत वाटत नाही, हे खरे विशेष. द्रुत लयीत बहुतेक वादक अर्ध्या-अर्ध्या मात्रेच्या स्वरांची सलग माळ लावतात, कारण थांबले तर पडायची भीती. रॉलिन्स मध्येच गप्प बसतो. एक स्वर वाजवून चार मात्रा सोडतो. पुढचे वाक्य भलत्याच मात्रेवर उचलतो आणि तरीही जिथे यायचे तिथे बिनचूक येतो. 'जॉन एस.'मध्येही लयीची अशीच मोडतोड आहे. कोलमन हार्मनीची चौकट सोडून स्वातंत्र्य मिळवत होता. रॉलिन्स चौकट तशीच ठेवून लयीच्या आतून तेच मिळवत होता. त्या वर्षीच्या भांडणात हे दुसरे स्वातंत्र्य मोजायला कोणाकडे माप नव्हते.

मग समीक्षकांचे काहीच बरोबर नव्हते का? होते. 'यू डू समथिंग टू मी' मला आजही या अल्बममधली फिकी चाल वाटते. चांगली वाजवली आहे, पण तिच्यात काही पणाला लावलेले नाही. काही ठिकाणी रॉलिन्स स्वतःला आवरून वाजवतो आहे असेही जाणवते. व्हिलेज व्हॅनगार्डच्या रेकॉर्डवर जो बेफाम, हसत-खिदळत, गाण्याची टर उडवत जाणारा माणूस आहे, तो इथे क्वचितच डोकावतो. बड्या कंपनीचा पहिला अल्बम, स्टुडिओची शिस्त, एलपीच्या बाजूची मर्यादा, हे सगळे त्यात आले असणार. शिवाय रॉलिन्स हा मुळात मैफलीचा माणूस. स्टुडिओत त्याला कधीच पूर्ण मोकळे वाटले नाही, हे त्याने आयुष्यभर सांगितले. तेव्हा 'हा त्याचा सर्वश्रेष्ठ अल्बम आहे का' असे विचाराल तर मी नाही म्हणेन. 'सॅक्सोफोन कलोसस' आणि व्हॅनगार्डचे रेकॉर्डिंग मी त्याच्या वर ठेवतो. पण निराश होण्याचे ते कारण वेगळे, आणि 'नवीन काही नाही' म्हणून झालेली निराशा वेगळी. पहिली ऐकून झालेली आहे.

समीक्षकांना जे हवे होते ते त्यांना लगेचच मिळाले, हेही नोंदवायला हवे. त्याच वर्षी हॉलला घेऊन रॉलिन्सने 'व्हॉट्स न्यू' केला, ज्यात ब्राझीलचा बोसा नोव्हा आणि कॅरिबियन कॅलिप्सो या धाटणीच्या चाली आहेत. आणि जुलै 1962 मध्ये, म्हणजे 'द ब्रिज'नंतर जेमतेम सहा महिन्यांत, व्हिलेज गेट क्लबमध्ये तो ऑर्नेट कोलमनच्याच दोन माणसांना, कॉर्नेटवर डॉन चेरी आणि ड्रमवर बिली हिगिन्स यांना घेऊन उभा राहिला. 'अवर मॅन इन जॅझ' या नावाने ते रेकॉर्डिंग आले. त्यात 'ओलिओ' ही त्याचीच जुनी चाल पंचवीस मिनिटे चालते आणि चौकट जवळपास विरघळून जाते. माझ्या दृष्टीने 'द ब्रिज' या पुढच्या उडीपासून तोडून ऐकणे चूक आहे. माणूस आधी पाय कुठे आहेत ते बघतो, मग उडी घेतो. पुढच्या वर्षी तर त्याने ज्याला लहानपणापासून दैवत मानले त्या टेनरवादक कोलमन हॉकिन्सबरोबर रेकॉर्ड केली, आणि त्या बुजुर्गापुढे मुद्दाम तिरके, अनोळखी वाजवले.

काळ पुढे गेला तसे मत पालटले. 2015 मध्ये 'द ब्रिज' ग्रॅमी हॉल ऑफ फेममध्ये गेला. विल्यम्सबर्ग पुलाला रॉलिन्सचे नाव द्यावे अशी मोहीम न्यूयॉर्कमध्ये निघाली. मला याचा आनंद आहे, पण एक खंतही आहे. आता जो तो पुलाबद्दल बोलतो. एकटा माणूस, धुके, नदी, सॅक्सोफोन. 1962 मध्ये या गोष्टीने अल्बमला लहान केले, आज तीच गोष्ट त्याला मोठे करते. दोन्ही वेळा जिम हॉलचे ते अपुरे कॉर्ड आणि 'व्हेअर आर यू'मधला तो भरत जाणारा स्वर मागेच राहतात.

मुंबईकरांसाठी एक जोड सांगण्यासारखी आहे. रॉलिन्स पुढे पुन्हा एकदा सगळे सोडून बाजूला झाला, आणि साठच्या दशकाच्या अखेरीस त्याने पवईला एका आश्रमात काही महिने राहून योग आणि वेदान्ताचा अभ्यास केला. 1978 मध्ये मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरली तेव्हा तो तिथे वाजवायला आला होता. पुलाकडे जाणारा आणि पवईकडे येणारा माणूस एकच आहे. प्रसिद्धीपासून दूर जाऊन स्वतःकडे बघायचे, ही त्याला संगीताइतकीच गरजेची गोष्ट वाटत होती.

'विदाउट अ साँग' हे गाणे त्याने जन्मभर सांभाळले. 11 सप्टेंबर 2001 ला तो जागतिक व्यापार केंद्राच्या जवळच राहत होता. इमारत रिकामी करताना सॅक्सोफोन घेऊन खाली उतरला. चारच दिवसांनी बॉस्टनला त्याने कार्यक्रम केला. त्या कार्यक्रमाचा अल्बम 2005 मध्ये याच गाण्याच्या नावाने निघाला. 'द ब्रिज'ची पहिली चाल आणि ही 2001 ची चाल शेजारी ठेवून ऐका. एकाहत्तर वर्षांच्या माणसाचा श्वास कुठे पुरतो आणि कुठे तो लयीच्या युक्तीने वेळ मारून नेतो, हे टेनर शिकणाऱ्याला फार शिकवून जाते.

आता शेवटचा भाग, तुम्ही शिकणारे आहात म्हणून. अल्बममधले काय उतरवून घ्यावे असे विचारले आहे. बहुतेक मुले 'द ब्रिज'ची द्रुत चाल आधी उचलतात. ते करू नका. 'व्हेअर आर यू'चा पहिला फेरा घ्या. त्याचे नोटेशन लिहायला फार तर एक बैठक लागेल, कारण स्वर थोडे आहेत. मग प्रत्येक स्वराखाली लिहा: तो कसा सुरू झाला, जिभेने की नुसत्या फुंकेने, कुठे सबटोन आहे, कुठे पूर्ण आवाज, कंप कधी आला, पहिल्यापासून की शेवटी, श्वास कुठे घेतला. हा कागद नोटेशनपेक्षा लांब होईल. मग रेकॉर्डबरोबर वाजवा, आणि नंतर रेकॉर्डशिवाय, शक्य असेल तर घराबाहेर मोकळ्यावर, मेट्रोनोम अगदी संथ ठेवून. ओठ दुखायला लागले तर थांबा, तो श्वास कमी पडल्याचा निरोप आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा लो बी-फ्लॅटच्या लांब स्वरांपासून सुरू करा. हे जमायला लागले की 'विदाउट अ साँग' घ्या, मग 'जॉन एस.'. 'द ब्रिज' सर्वांत शेवटी, आणि तेव्हाही आधी त्यातल्या फक्त थांबण्याच्या जागा टाळ्यांनी मोजून पाठ करा, स्वर नंतर.